नावानिशी आवतण

चिलोए बेटावर घर हलवायचं तर अख्खा गाव लागतो. घराखाली ओंडके सरकवायचे, बैल जुंपायचे, दोर ओढायचे आणि घर आहे तसं नव्या जागी न्यायचं. गावाने मिळून करायच्या या कामाला मिंगा म्हणतात. त्याला मजुरी नसते, पण आलेल्याला पोटभर जेवू घालावं लागतं. नेमकं तेच बेलार्मिनोच्या जिवावर आलं.

समुद्राने त्याचं अंगण गिळलं होतं, आता उंबरठ्याला हात घातला होता. घर टेकाडावर न्यायलाच हवं होतं. तरी हा पठ्ठ्या आवतणं द्यायला निघाला तो तोंडं मोजत!

"शेजारच्या ओतिलियाला नको," तो बायकोला म्हणाला. "आठ पोरं तिची. ओढणार एक, खाणार नऊ. असल्या लोकांमुळेच बेट भिकेला लागलंय."

त्याला आणि बायकोला, एर्मेलिंदाला, मूलबाळ नव्हतं.

त्याने निवडून धट्टेकट्टे गडी बोलावले. घर झोकात निघालं, टेकाडाच्या वाटेला लागायला ओल्या वाळूवर आलं आणि तिथेच बसलं. घर पुढे सरकलं की ओंडके मागे सुटत. ते उचलून पुन्हा पुढे टाकायचं काम पोरांचं, आणि पोर तर एकही नव्हतं! गडी ओंडक्यांकडे धावले की दोर ढिला पडे. तेवढ्यात भरती चढू लागली.

ओतिलिया पोरांसकट कुंपणाशी उभी होती. तिचा जीव वरखाली होत होता, पण पाऊल पुढे पडेना. विनवल्याशिवाय मिंगात हात लावायचा नाही, ही रीत.

"अहो, जा ना!" एर्मेलिंदा ओरडली. "घर वाहून गेल्यावर काय अब्रू पांघरून झोपायचंय?"

बेलार्मिनो गेला. टोपी काढून म्हणाला, "ओतिलिया, माझ्या घराला तुझी मदत हवी. पोरांचीसुद्धा."

"कुठल्या पोरांची, काका?" ओतिलिया म्हणाली. "रीत विसरलात? ज्याला विनवायचं, त्याचं नाव घ्यायचं."

आजवर बेलार्मिनो या पोरांना 'ओतिलियाची पलटण' म्हणत आला होता. नाव एकाचंही ठाऊक नव्हतं. शरमून तो थोरल्या पोरापुढे वाकला.

"तुझं नाव काय रे, बाळा?"

"रोसेंदो."

"रोसेंदो, माझ्या घराला तुझी मदत हवी."

मग नीव्हेस, मग एलादिओ, मग दोरालिसा. मागे लाटा फुटत होत्या आणि हा एकेकापुढे वाकत होता. नाव घेतलं की ते पोर ओंडक्यांकडे धूम ठोकत होतं.

घर हललं! पोरं मागून पुढे, पुढून मागे नुसती पळत होती. भरतीचं पाणी वाळूवर पोचलं तेव्हा घर टेकाडावर चढलं होतं.

संध्याकाळी खड्ड्यात वाफवलेले बटाटे, शिंपले, मांस बाहेर निघालं. बेलार्मिनो स्वतः वाढत होता. "नीव्हेस, घे गं अजून! एलादिओ, लाजतोस काय लेका?"

"अहो, तुम्हाला काही उरणार नाही," एर्मेलिंदा म्हणाली.

"नाही तर नाही!" त्याला खरंच भूक नव्हती, इतका तो खुशीत होता.

इतक्यात ओतिलियाच्या कडेवरच्या धाकटीने भोकाड पसरलं.

"रडणारच," ओतिलिया म्हणाली. "हिला कुठे विनवलंत तुम्ही?"

"नाव काय हिचं?"

"क्लोरिंदा."

बेलार्मिनोने पुन्हा टोपी काढली. "क्लोरिंदाबाई, माझ्या घराला तुमची मदत हवी."

पोरीने रडं थांबवून त्याची टोपी ओढली आणि सरळ तोंडात घातली.

एर्मेलिंदाने डोळे पुसले. "आली हो मदतीला," ती म्हणाली, "आता घरात घेऊन चला तिला."