वाढदिवसाच्या स्प्रिंगा

बाप गेला तेव्हा वर्कशॉप थोरल्याला मिळालं आणि गाडी धाकटीला. वर्कशॉप म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी होती, पण थोरल्याला ती दिसलीच नाही. त्याला दिसली फक्त गाडी. हिरवी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार, धाकटीपेक्षाही वयानं मोठी. बापानं ती भंगारातून उचलून आणली होती आणि थोरल्याला हाताशी घेऊन पुन्हा उभी केली होती.

"तिच्या इंजिनात माझी जवानी गेली," थोरला म्हणायचा. "हिनं काय केलं? सीट शिवल्या."

शिवल्या होत्या हे खरं. धाकटी त्याच वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या सीट आणि छतं शिवायची. एकदा पोटमाळ्यावरून चामड्याचा गठ्ठा उतरवताना शिडी सरकली आणि ती पाठीवर आपटली. मणका चेपला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, फिराल, पण पाठीला हिसके-दणके बसू देऊ नका. तेव्हापासून शिवणकाम सुटलं. बसमध्ये तिला बसवेना. नवऱ्याच्या मोठ्या, गुबगुबीत गाडीतही थोड्या वेळानं कंबर पेटायची. सोसायची ती एक हिरवी गाडीच. तिच्या स्प्रिंगा जुन्या, लांब, मऊ. खड्डा आला की गाडी दमानं खाली जायची, दमानं वर यायची. बापानं शेवटच्या आजारपणाआधी सीटही लेकीच्या पाठीच्या मापानं बसवून दिली होती. दर रविवारी सकाळी धाकटी एकटीच नदीपर्यंत जायची, पुलापाशी गाडी लावून थर्मासमधली कॉफी प्यायची आणि परत यायची. आठवड्याचं सुख तेवढंच.

नवरा दातांचा डॉक्टर होता. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमच्या जावयानं भरून दाखवलं," असं सासरा चारचौघांत म्हणायचा. त्यावर डॉक्टरही हसायचा, आणि हसणं कुठं थांबवायचं ते त्याला बरोबर माहीत असायचं. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. तो फक्त तिला सुधारायचा. कप असा धरतात का, दार असं लावतात का, पाहुण्यांसमोर इतकं बोलतात का. ती सुधारत गेली. रविवारची सकाळ मात्र त्याच्या हाती लागली नाही. नदीवरून परतताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते त्याला एरवी कधी बघायला मिळालं नव्हतं.

"काय असतं गं तिकडं?" त्यानं एकदा विचारलं.

"नदी."

"ती तर आपल्या गच्चीतूनही दिसते. पुढच्या वेळी मी येतो."

"दोघं बसलो की गाडी खाली टेकते," ती म्हणाली.

हे खोटं होतं. डॉक्टरला ते कळलं आणि त्यानं ते मनात जपून ठेवलं.

तिचा वाढदिवस जवळ आला तसा तो मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये गेला. थोरला एका ट्रकखाली होता. हात पुसत बाहेर आला.

"दादा, गाडीला काहीतरी करावं म्हणतो. हिला भेट म्हणून. जरा रस्त्याला चिकटून पळेल असं."

थोरल्याचे डोळे लगेच उजळले. "त्याचा अख्खा संच मिळतो हो बाजारात. आखूड स्प्रिंगा, कडक शॉकअप, आणि सांध्यांतले रबरी बुश काढून त्या जागी कडक प्लॅस्टिकचे. शर्यतवाले लावतात. गाडी अशी खाली बसेल, वळणावर इंचभर झुकणार नाही." मग तो थांबला. "पण दणका लागेल. सरळ माकडहाडापर्यंत. धडधाकट माणसाचीही कंबर बोलेल."

"हो का?" डॉक्टर म्हणाला.

थोरल्यानं हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"मग गाडी वापरणार कोण?" थोरल्यानं विचारलं.

"वापरेल कुणीतरी. शेवटी घरातलंच."

एवढंच बोलणं झालं. केसानं गळा कापायला शब्द फार लागत नाहीत.

धाकटीला सांगितलं, गाडीची नुसती सर्व्हिसिंग आहे. थोरल्यानं ती जॅकवर चढवली, चाकं उतरवली. बापाच्या हातचे बोल्ट सुटेनात, तेव्हा तेल पाजून, गरम करून त्यानं ते सोडवले. जुने रबरी बुश जाळून काढावे लागले. वर्कशॉपभर काळा, गोडसर धूर भरला. नव्या आखूड स्प्रिंगा शिकंज्यात दाबून त्यानं एकेक जागेवर बसवली. काम त्यानं जीव ओतून केलं. कुठं खडखड नाही, कुठं ढिलाई नाही. शॉकअपला कडकपणा कमीजास्त करायची खुंटी होती. ती त्यानं पार शेवटच्या खाचेपर्यंत पिळली.

जुन्या स्प्रिंगा भिंतीपाशी उभ्या होत्या. बापानं रंग दिलेल्या, धडधाकट. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून त्या ठेवून देता आल्या असत्या. थोरल्यानं ग्राइंडर चालू केला आणि चारी स्प्रिंगा मधोमध कापल्या. तुकडे भंगाराच्या पिंपात टाकताना त्याला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची थोडी भीतीही वाटली.

वाढदिवसाला दारात माणसं जमली होती. शेजारी, डॉक्टरच्या दवाखान्यातले लोक, थोरला आणि त्याची बायको. गाडीला लाल फीत बांधली होती. धाकटी पायऱ्या उतरून आली आणि कुणी काही बोलायच्या आत तिला कळलं. गाडी जमिनीलगत दबा धरून बसली होती. पूर्वी चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तळहात जायचा, आता बोट शिरणं कठीण. तिनं मडगार्डवर दोन्ही हात ठेवून भार टाकला. गाडी हलली नाही. ओट्यावर हात ठेवावा तशी.

"सरप्राइज!" डॉक्टर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "दादांनी स्वतः बसवलंय सगळं. आता खरी स्पोर्ट्स कार झाली."

धाकटीनं भावाकडं पाहिलं. "जुन्या कुठंयत, दादा?"

"गंजल्या होत्या गं. भंगारात गेल्या."

"कापल्यास?"

थोरल्यानं हातातल्या ग्लासात पाहिलं. "अगं, गाडीचं भलंच केलंय."

"केवढी हौस आहे हो डॉक्टरांना," शेजारीण म्हणाली. "नशीब लागतं!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. धाकटी हसली, सगळ्यांना थँक्यू म्हणाली.

"चल, एक चक्कर मारू. मी चालवतो," डॉक्टर म्हणाला आणि तिला शेजारी बसवून त्यानं गाडी बाजाराच्या मागच्या दगडी फरसबंदीच्या रस्त्याला घातली. गावात चांगले रस्ते नव्हते असं नाही. पहिल्याच दगडाला तिच्या कमरेतून कळ निघाली ती मानेपर्यंत गेली.

"हळू हो."

"स्पोर्ट्स कार आहे ही. पलंग नव्हे."

घरी परत आले तेव्हा तिनं खालचा ओठ चावून रक्त काढलं होतं. डॉक्टरनं रुमाल दिला. अगदी मायेनं म्हणाला, "नाही ना झेपत? मला वाटलंच. जाऊ दे, जिवाला त्रास नको. मी चालवीन अधूनमधून, म्हणजे गाडी पडून राहायची नाही." आणि तिला उतरवायला एक हात पुढं केला.

धाकटीनं तो हात धरला नाही. त्याच्या दुसऱ्या हातातली चावी काढून स्वतःच्या मुठीत घेतली.

"इतक्या हौसेनं दिलेली भेट," ती म्हणाली. "नाही कसं म्हणू? रविवारी तुम्हीही चला. जागा आहे."

रविवारी तो गेला, जरा विजयी मुद्रेनंच. ती नदीकडं वळेल असं त्याला वाटलं होतं. ती फरसबंदीच्या रस्त्याला लागली. तिथून वीटभट्टीचा रस्ता, तिथून गोदामांमागचा, जिथं ट्रकांनी चाकोऱ्या पाडल्या होत्या. एकही खड्डा तिनं चुकवला नाही. तोंडातून आवाज काढला नाही. वरच्या ओठावर घाम, स्टीअरिंगवरची बोटं पांढरी. घरी आल्यावर गाडीतून बाहेर पडायला तिला फार वेळ लागला. आधी एक पाय, मग दाराचा आधार, मग दुसरा. डॉक्टरनं हात दिला.

"नको. तुम्ही फक्त बघा."

पुढच्या रविवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. तो नको म्हणाला तर ती पाहुण्यांसमोर विचारायची, "आज नाही येणार? तुम्हीच दिलेली गाडी ना?" मग त्याला जावंच लागायचं. गाडीत तो तिच्याकडं न बघायचं ठरवायचा आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचं लक्ष तिच्याकडं जायचं.

"पुरे आता," एकदा तो म्हणाला.

"तुम्हाला लागतंय का?"

"मला नाही, तुला."

"मी कुठं काय म्हटलंय?"

त्यानं चावी लपवली. त्या आठवड्यात त्याचे दोन डॉक्टर मित्र जेवायला आले होते. वाढता वाढता ती गोड आवाजात म्हणाली, "यांनी मला गाडी नवी करून दिली आणि आता चावीच लपवलीय. अशी थट्टा करतात." सगळे हसले. रात्री चावी पुन्हा खुंटीवर होती.

मग डॉक्टर थोरल्याकडं गेला. काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी थोरला दारात उभा.

"स्प्रिंगवाल्याकडून करून घेतो मऊ," तो म्हणाला. "नमुना नाही, पण अंदाजानं जमेल. शॉकअपची खुंटी तरी सैल करू दे आत्ता, एका पान्याचं काम आहे."

"कशाला? किती छान बसवलंयस. कुठं खडखड नाही. बाबांनीही तोंडभरून कौतुक केलं असतं."

थोरल्याचा चेहरा उतरला. "डोकं फिरलंय तुझं. अपंग होशील."

"मग बघायला येशील ना?"

तो गेला. धाकटी दाराला टेकून उभी राहिली. तिची पाठ आता उभ्यानंही ठणकत होती, झोप गोळ्यांवर आली होती. थांबावं असं तिला वाटत नव्हतं असं नाही. पण रविवारी शेजारच्या सीटवर नवऱ्याचं आक्रसलेलं तोंड दिसलं की तिला आत कुठंतरी गार वाटायचं, आणि त्या गारव्याची तिला चटक लागली होती.

ज्या रविवारी ते झालं, त्या दिवशी मोठा खड्डाही नव्हता. गोदामांच्या रस्त्यावर एक साधा उंचवटा. गाडी आपटली आणि धाकटीला वाटलं, डाव्या पायावरून कुणी गार पाणी ओतलं. मग पाणीही जाणवेना. क्लच दाबायला गेली तर पाय हलेना. गाडीनं गचके खाल्ले आणि बंद पडली. मागून ट्रकवाला हॉर्न मारू लागला.

"झालं," ती म्हणाली. दूध उतू गेल्यावर म्हणावं तसं.

बुटक्या गाडीतून तिला बाहेर काढताना डॉक्टरला तिला अक्षरशः ओढावं लागलं. तिच्या एका पायातली चप्पल आतच राहिली.

ऑपरेशन झालं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे एका दिवसाचं नाही. वरचेवर दणके बसलेत. काय करत होतात काय?"

धाकटीनं नवऱ्याकडं मान वळवली. "सांगा ना."

नवऱ्यानं एक्स-रे मागून घेतला आणि पुन्हा उजेडासमोर धरला.

पाठ जराशी सुधारली. डाव्या पायाला गुडघ्याखाली जाणीव परत आली नाही. थोरला एकदाच इस्पितळात आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून ढसाढसा रडला. धाकटीनं त्याला रडू दिलं. रडून झाल्यावर विचारलं, "वर्कशॉप कसं चाललंय?" तो निघून गेला आणि पुढं घरी यायचा बंद झाला. गाडी डॉक्टरनं पहिल्या मागणाऱ्याला देऊन टाकली. सही हवी होती, ती तिनं मुकाट्यानं केली.

पडल्या पडल्या एक दिवस तिला नदीची आठवण झाली. आणि मग ध्यानात आलं, इतक्या रविवारांत एकदाही तिला तिकडं वळावंसं वाटलं नव्हतं. चावी तर तिच्याच हातात होती. त्या दुपारी ती भिंतीकडं तोंड करून रडली. पण डॉक्टर आला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

आता रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून तो घरी येतो, हात धुतो, तेलाची वाटी कोमट करतो आणि तिच्या डाव्या पायाशी बसतो. सुरुवातीला तो आशेनं विचारायचा. अजूनही कधीतरी विचारतो.

"लागतंय का काही?"

"नाही."

"व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणत होत्या, या पायाला चोळून आता काही उपयोग..."

"माहितीये मला," धाकटी मासिकाचं पान उलटत म्हणते. "तुम्ही चोळा."