सोनाआत्याचा राब

चैत्र सरताना आमच्या शेणवे गावच्या उतारावर निळसर धूर तरंगू लागला, की मला सोनाआत्याच्या लुगड्याचा वास येतो. ऐनाचा सुका पाला, शेण आणि भाजून निवलेली माती यांचा. भाताचं बी पेरण्याआधी ती जमिनीचा एक लहानसा तुकडा पाला-शेण अंथरून भाजायची. त्याला आमच्याकडे राब म्हणतात.

मी आसनगावला भाषा शिकवतो आणि शब्दांची कुळं धुंडाळण्याचा मला भारी नाद. माझ्या वहीत राबाचं एक अख्खं पान होतं. शेजारच्या गुजराती काकू आजाऱ्याला पाजतात ती गूळ-तुपाची ऊनऊन पेज, तीही राब. अरबीतून आलेला रब म्हणजे पालनकर्ता. आणि मराठीतलं राबणं तर जन्माचंच. ही सगळी एका घरची नव्हेत हे ठाऊक असूनही, त्यांना एका पानावर शेजारीशेजारी बसवताना मन कुठल्या कुठे तरंगत जाई. एकदा ते पान मी मोठ्या हौसेने आत्याला वाचून दाखवलं.

ती खुदकन हसली. "अर्थ कसला रे त्याचा? आदी वारा बघ, मंग काडी लाव. झाला राब."

पुढच्या वर्षी अर्धांगाने तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राब भाजणं माझ्यावर आलं. ती ओटीवर बसून पाहत होती आणि मी शहाण्याने वारा न बघताच काडी लावली. वाऱ्याने ढकललेली आग भरभर पळाली. वरचा पाला फस्त झाला, खालची माती कच्चीच राहिली. आता तिथे रोपाआधी तण माजणार होतं, आणि घराचं वर्षाचं भात त्या तुकड्यातल्या रोपांवरच अवलंबून होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याने मला खुणेने जवळ बोलावलं. माझ्या बाहीवरची राख डाव्या हाताच्या चिमटीत धरून तिने हवेत सोडली, आणि राख जिकडे उडाली त्या टोकाकडे बोट दाखवलं. आग तिथून लावायची होती, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत हळूहळू चालते आणि माती आतपर्यंत भाजते. दुसऱ्या दिवशी मी नव्याने पाला अंथरला आणि त्या टोकाला काडी लावली. दुपारभर तो विस्तव सावकाश पुढे सरकत होता, आणि आत्या मंद, तृप्त डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती.

यंदा ओटी रिकामी आहे आणि मला तिची फार आठवण येते. काडी लावण्याआधी मी चिमूटभर राख हवेत सोडतो, वारा बघतो. आणि तेव्हा कळतं की मी उजव्या हाताचा असूनही राख सोडणारा हात डावा आहे.