डावा पाय

टर्नरने तिन्ही गिअरबॉक्सवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिली, बाजारात कलिंगड घेताना करतात तशी. आवाजावरून काही कळण्यासारखं नव्हतंच. पण सगळे बघत असताना नुसतं उभं राहणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

"वाजवून काय बघता दादा? पिकलेत तिन्ही," मावशी म्हणाली.

मावशी म्हणजे दुकानाची मालकीण. टर्नरपेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. पण वीस वर्षं ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडत आणि जोडत आली होती, आणि झाडून सगळे गाडीवाले तिला मावशी म्हणत, त्यामुळे टर्नरलाही म्हणावं लागे. त्याचं स्वतःचंही तेच झालं होतं. चाळीस वर्षं लेथवर काढल्यावर घरच्या दूधवाल्यापासून बायकोच्या मैत्रिणींपर्यंत कोणालाच त्याचं खरं नाव आठवत नसे.

बायको मागे स्टुलावर बसली होती, गळ्यात मोजपट्टी तशीच. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची आणि कामावरून थेट इकडे आली होती.

"हा तीन गिअरचा," मावशी पहिल्यावर हात ठेवून म्हणाली. "जुना, पण दगड आहे. मोडायचा नाही. इंजिनाची ताकद मात्र थोडी खातो आणि लांबच्या रस्त्यावर इंजिन बोंबलत राहतं. हा मधला चार गिअरचा. ह्याला कॉम्प्युटर लागत नाही, तेलाच्या दाबावर चालतो. आणि तो आठ गिअरचा. सगळ्यांत चपळ. पण त्याला त्याचं डोकं वेगळं द्यावं लागतं, आणि तुमच्या गाडीत डोकं बसवायला जागा नाही."

"मोडायचा नाही तो द्या," टर्नर म्हणाला.

"थांबा हो. गाडी भाजी आणायला नेणार का नुसती पळवायला?"

"दोन्ही."

"वजन? मागच्या एक्सलचे दाते? इंजिन कितीला जोर धरतं?"

टर्नरने एकेक आकडा धडाधड सांगितला. मुलीची जन्मतारीख विचारली असती तर त्याला थोडा विचार करावा लागला असता. मावशीने सगळं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? मी."

"मग इंजिनाचं सांगितलंत, पायाचंही सांगा."

ते मात्र टर्नरने लगेच सांगितलं नाही. डाव्या गुडघ्याची वाटी झिजली होती. गाडीचा क्लच इतका जड की गॅरेजमधले तगडे लोकही दाबताना तोंड वाकडं करत. डॉक्टर म्हणाले होते, क्लच सोडा, नाहीतर दोन वर्षांत चालणं सुटेल. टर्नर तिथल्या तिथे म्हणाला होता, मग क्लच सोडतो. गाडी सोडतो असं तो म्हणाला नाही, आणि हा फरक डॉक्टरांच्या ध्यानात आला नसावा. दर हिवाळ्यात चारशे मीटरची सरळ शर्यत व्हायची. एकोणतीस वर्षांत टर्नरने एकही चुकवली नव्हती. तिसावी सात आठवड्यांवर आली होती, आणि ती काही झालं तरी करायचीच होती. एरवी ऑटोमॅटिक गाडीला तो झोपाळा म्हणायचा.

"गुडघा गेलाय त्यांचा," मागून बायको म्हणाली. मग ती उठली आणि मधल्या गिअरबॉक्सची रुंदी पट्टीने मोजू लागली. "हा बसेल. भोवतीचा गालिचा मला नव्याने शिवावा लागेल, पण बसेल. आणि चौथा गिअर असला तर परत येताना दोन शब्द बोलता येतील. त्या तीनवाल्यात काय ऐकू येणार आहे?"

टर्नरने आठ गिअरच्या बॉक्सकडे एकदा बघितलं, मग तीनच्या. शेवटी मधल्यावर पुन्हा एकदा टकटक केली.

"हाच."

"क्लचच्या जागी हा तेलाचा डबा येणार," मावशीने एक जाड, गोल डबा टेबलावर ठेवला. "हा जरा सैल घेऊ, म्हणजे गाडी जागेवरून जोरात सुटेल. सैल डबा तापतो, म्हणून तेल थंड करायला पुढे एक जाळी लावा. आणि दादा, आता दोन्ही पेडलं उजव्या पायाची. डावा पाय आजपासून पाहुणा. त्याला सांगून ठेवा."

"पायाला काय सांगायचं असतं?" टर्नर म्हणाला.

मावशी हसली.

पुढचे तीन आठवडे टर्नर घरामागच्या शेडमधून जेवायलाच काय तो बाहेर आला. इंजिन आणि नवा गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधली पट्टी त्याने लेथवर स्वतः कातली. दोनदा कातलेली फेकून दिली, कारण केसाएवढा फरक त्याला दिसत होता. दुसऱ्या कोणाला मोजूनही सापडला नसता. क्लचचं पेडल काढलं तेव्हा त्याच्यावरचं रबर डाव्या कडेला पार गुळगुळीत झालेलं दिसलं. ते त्याने आधी खिळ्याला टांगलं. दुसऱ्या दिवशी काढून खणात टाकलं, कारण येता-जाता नजर तिकडेच जायची. बायकोने गालिचा शिवला. गिअरच्या दांड्याभोवती चामड्याचा घोळ शिवला, तोही न सांगता.

चौथ्या रविवारी सकाळी ते जुन्या धावपट्टीवर गेले. विमानं तिथे उतरेनाशी होऊन कैक वर्षं झाली होती. चारशे मीटरवर एक गंजलेलं पिंप उभं होतं, आणि पिंपाशी उभं राहून वेळ मोजायचं काम पहिल्या वर्षापासून बायकोचं होतं. गाडी सुटताना तिचं नाक वर उचललं जायचं. नाक उचललं की घड्याळ दाबायचं, गाडी पिंप ओलांडते तेव्हा पुन्हा दाबायचं. मग टर्नर वळून यायचा, काच खाली करायचा आणि विचारायचा, "किती?" घड्याळ त्याने कधी हातात घेतलं नाही. ती म्हणेल तो आकडा. सगळ्यांत चांगला आकडा होता चौदा पूर्णांक तीन सेकंद, अकरा वर्षांपूर्वीचा.

नाक उचललं. तिने घड्याळ दाबलं. इंजिनाचा सूर चढत गेला, गिअर बदलायच्या बेताला आला, आणि गाडी एकदम जमिनीला नाक घासल्यासारखी थांबली. चाकांची किंकाळी तिच्यापर्यंत उशिरा पोचली.

ती धावत गेली. टर्नर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

"लागलं?"

"नाही." त्याने खाली पाहिलं. डावा पाय ब्रेकच्या रुंद पेडलावर गच्च रोवलेला होता. "मी नाही दाबला. त्याने दाबला."

चाळीस वर्षं त्या सुराला तो पाय क्लचवर गेला होता. क्लच निघाला तरी सूर तोच होता. दुसऱ्या खेपेला तसंच झालं, तिसऱ्यालाही. चौथ्या खेपेला त्याने डाव्या पायातला बूट काढला, म्हणजे पायाला वेगळं वाटेल. पायाने अनवाणी ब्रेक दाबला.

"मावशी हसली होती," टर्नर म्हणाला.

"हसली होती," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी त्याने तिच्याकडून सीटच्या पट्ट्याचा एक तुकडा शिवून घेतला, बकल लावून. त्याने डावा घोटा सीटच्या लोखंडाला बांधायचा. घरीच बांधून बघितला, पक्का होता. धावपट्टीवर गाडी सुटली, सूर चढला, पट्टा ताणला गेला, गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. आणि ब्रेक लागला नाही खरा, पण गाडी मधेच ढेपाळली, मग पळाली, मग पुन्हा ढेपाळली.

"किती?"

"सोळा पूर्णांक दोन."

काय झालं ते त्याला कळलं होतं. डावा दाबायचा त्याच क्षणी उजवा ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, अशी ती जोडी होती. एकाला बांधलं तरी दुसरा आपलं काम करत होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

सोळा पूर्णांक एक. पुन्हा. सोळा पूर्णांक चार. घोट्याला वळ उठले. तरी तो पुन्हा म्हणाला, तेव्हा ती पिंपाकडे गेली नाही. दाराशीच उभी राहिली.

"मी बघते एकदा."

"काय बघतेस?"

"चालवून."

टर्नरला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने तिला ह्याच गाडीवर शिकवायला घेतलं होतं. क्लच तिला दाबेना. गाडी तीनदा बंद पडली, आणि तो म्हणाला होता, राहू दे. ती उतरली होती आणि विषय तिथेच संपला होता. म्हणजे, त्याच्यापुरता संपला होता. नंतर तिने मैत्रिणीच्या लहान गाडीवर शिकून परीक्षा दिली, तेव्हा तो पेढ्यांवर हात मारून लेथकडे गेला होता.

"लायसन्स संपलं असेल तुझं."

"नाही संपलं. दर वेळी नवं करून घेते."

"कशाला?"

"असावं म्हणून."

टर्नरने वाकून घोट्याचं बकल सोडलं. उतरायला त्याला वेळ लागला, आणि तो सगळाच काही गुडघ्यामुळे नव्हता. तिने गळ्यातली घड्याळाची दोरी काढून त्याच्या गळ्यात घातली, सीट दोन खाचा पुढे ओढली आणि डावा पाय एका बाजूला टेकवून ठेवला, शिलाई मशीनवर बसताना ठेवायची तसा.

"एकदम पाय देऊ नकोस," त्याने सांगितलं. "डबा सैल आहे. आधी हलकं, मग..."

"अहो, जाड रेक्झीनवर मशीन एकदम सोडलं तर सुई मोडते," ती म्हणाली. "कळतं मला. तुम्ही पिंपाशी जा."

चारशे मीटर लंगडत जायला त्याला बराच वेळ लागला. हे अंतर तो आजवर कधी चालत गेला नव्हता. पिंपाजवळची जमीन एका जागी घट्ट झाली होती, गवत उगवलं नव्हतं. तो तिथेच उभा राहिला, कारण उभं राहायची जागा तीच दिसत होती.

लांबवर निळी गाडी काडेपेटीएवढी होती. तिचं नाक उचललं. त्याने घड्याळ दाबलं, आणि मग गाडी त्याच्याच अंगावर येऊ लागली. आवाज मागे, गाडी पुढे. वाटेत खड्डा असला, टायर फुटला, हात चुकला तर ह्या पिंपापाशी उभ्या माणसाला पळायलाही वेळ मिळणार नाही, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. आणि आत बसलेल्याचं काय होईल ते तर बघत राहावं लागेल. एकोणतीस वर्षं ती हे बघत होती आणि काच खाली झाली की शांतपणे आकडा सांगत होती.

सूर चढला. टर्नरचा डावा पाय मातीत दाबला गेला. गाडीने मात्र दम सोडला नाही, दुसरा गिअर पडला, सूर पुन्हा चढला, पुन्हा त्याचा पाय दाबला गेला, आणि गाडी वारा अंगावर टाकून पिंपापलीकडे निघून गेली. त्याने घड्याळ दाबलं.

आकडा त्याने दोनदा वाचला. मग घड्याळ मुठीत धरलं.

गाडी वळून आली. काच खाली झाली. तिचे गाल लाल झाले होते, आणि केसांची एक बट कपाळावर चिकटली होती. मुलीच्या लग्नातही त्याने तिला इतकं खूश बघितलं नव्हतं.

"किती?"

साडेचौदा म्हटलं असतं तरी ती नाचली असती. पंधरा म्हटलं असतं तरी. घड्याळ बघायला मागायची त्यांच्यात पद्धतच नव्हती.

"चौदा पूर्णांक एक," टर्नर म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वीचा आकडा दोघांनाही पाठ होता.

"तुम्ही उशिरा दाबलं असेल."

"नाक उचललं तेव्हाच दाबलं."

तिने मान हलवली. स्टिअरिंगवरचा हात काढून गालिच्याची शिवण उगाचच एकदा चाचपली. टर्नर गाडीच्या छपरावर हात ठेवून उभा होता.

"शर्यतवाल्यांना उद्या फोन करतो," तो म्हणाला. "फॉर्मवर चालक म्हणून माझं नाव दिलंय. ते बदलून घ्यायला हवं."

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "सुटताना पाय जरा घाबरला माझा. आता नाही घाबरणार. सरका बघू."

तो सरकला. गाडी वळून सुरुवातीच्या रेषेकडे गेली, लहान लहान होत. टर्नरने घड्याळ शून्यावर आणलं, गवत नसलेल्या जागेवर दोन्ही पाय नीट रोवले आणि नाक कधी उचलतंय ते बघत उभा राहिला.