पायलटच्या शिव्या

गाडीची काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी पायलट फडकं फिरवतच होते. धुकं काचेवर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हात काही ऐकेना.

"बाबा, आज तरी विम्याचं उरकू या का?" फाटकातून आत येता येताच लेकीने विचारलं. "या कंपन्या मेल्या अशाच. तीन आठवडे आधी गेलं की स्वस्त, शेवटच्या दिवशी गेलं की महाग. त्यातून मी पडले नवशिकी."

"करू गं. विमा काय पळून चाललाय?"

रोज संध्याकाळी तिचा हाच प्रश्न आणि त्यांचं हेच उत्तर.

पायलट हे नाव बसडेपोने दिलेलं. उभा जन्म बस चालवली, पण कधी साधा ओरखडा उमटू दिला नाही. म्हणून तर गेल्या वर्षी लेकीने, ठमीने, जुनी छोटी गाडी घेतली तेव्हा विमा एजंट म्हणाला होता, पोरीच्या या कोवळ्या वयाला हप्ता जबर बसतो, दुसरा चालक म्हणून वडिलांचं नाव घाला, उतरेल. नाव घातलं, हप्ता उतरला, आणि निवृत्तीनंतर घरात नुसतं बसून असलेल्या माणसाची छाती पुन्हा फुगली. "माझ्या नावावर धावते हो पोरीची गाडी," असं ते केस कापणाऱ्यालासुद्धा ऐकवून आले होते.

आणि आता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की नजरेच्या मधोमध आलेलं हे धुकं काही जाणार नाही, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. फिरायला जातो म्हणून पायलट एकटेच दवाखान्यात गेले होते. त्या दिवसापासून त्यांनी गाडी चालवली नव्हती. कधी गुडघ्याचं निमित्त, कधी कंबरेचं. विम्यात खोटं नाव राहू देणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, आणि खरं सांगावं तर पोरीचा हप्ता चढणार. तेवढंच असतं तरी निभावलं असतं. नाव निघालं की आपण कसले पायलट, ही खरी धास्ती होती.

त्यांनी फडकं पिळलं. पिळून झाल्यावर पुन्हा पिळलं.

"ठमे, माझं नाव काढ त्यातून."

"का हो?"

"दिसत नाही मला. झालं? गुडघा ठणठणीत आहे."

ठमी दचकली नाही की रडली नाही. तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि दोरीवर टाकलं.

"काढलंय," ती म्हणाली. "विमा झालाय, बाबा. वेळेत केला, म्हणून फारसा महागही पडला नाही. माझ्या एकटीच्या नावाने."

"मग रोज माझ्यामागे भुणभुण कशाला लावली होतीस?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. काहीतरी निमित्त नको?"

"तुला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. तुम्ही शिव्या द्यायच्या बंद केल्यात."

खरंच होतं ते. गाडी रस्त्याला लागली की पायलटच्या तोंडाला कुलूप नसे. कुणी आडवा आला की काच खाली, मान बाहेर, आणि "डोळे खुंटीला टांगून आलास का रे?" सगळा डेपो त्यांना या एका वाक्यावरून ओळखायचा. पण हल्ली ठमीच्या शेजारी बसून ते गप्प असत. चूक कुणाची तेच दिसत नव्हतं. आणि दिसलं असतं तरी हे वाक्य आता कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"लबाड कुठली!" पायलट म्हणाले. एवढे दिवस पोर हे मनात घेऊन हसत वावरत होती, याचंच त्यांना भरून आलं.

"बसा," ठमीने दार उघडलं. "एक चक्कर मारून येऊ."

मोठ्या रस्त्याला वळताना तिने करकचून ब्रेक मारला. पायलटचाही पाय आपसूक रिकाम्या जागी दाबला गेला. समोरून काहीतरी लाल सरकून गेलं, एवढंच त्यांना कळलं.

"काय गं?"

"लाल गाडी. इंडिकेटर न देता घुसला. थांबलाय बघा पुढे सिग्नलला."

"चूक त्याचीच?"

"शंभर टक्के."

तिने गाडी सिग्नलला नेऊन उभी केली. पायलटनी आपल्या बाजूची काच खाली केली, मान बाहेर काढली आणि छातीत भरपूर वारा भरून घेतला.

"डोळे खुंटीला टांगून आलास का रे, गाढवा?"

ठमी हळूच म्हणाली, "बाबा, तो माझ्या बाजूला आहे."

पायलटनी मान आत घेतली. तिला तिच्या बाजूची काच खाली करायला लावली, तिच्या पुढ्यातून वाकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.