वाळवंट न पाहिलेली छागल

मित्रांनो, आधी नाक मुरडू नका. मी एक जुनी छागल आहे आणि माझ्या अंगाला येतो तो वास मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी छागल पाहिलीही नसेल. छागल म्हणजे जाड कापडाची, पाणी नेण्याची पिशवी. तिचं अंग सतत पाझरतं, त्या ओल्या अंगाला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. माझं पाझरणं मात्र केव्हाच बंद झालं. ते कसं, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

पालघर स्टेशनच्या रस्त्यावर ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला शिवलं. ते साल १९६७. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. ट्रकवाले यायचे, "भैया, दो छागल देना," म्हणायचे आणि माझ्या बहिणींना ट्रकच्या तोंडाशी टांगून घेऊन जायचे. माझी एक शिवण जराशी वाकडी होती, म्हणून मला कुणी हात लावेना. सगळ्या बहिणी गेल्या आणि खिळ्यावर मी एकटी उरले.

मग एके दिवशी चंद्रकांता आली. ती पालघरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. राहायची मुरब्याला, रोज होडीने खाडी ओलांडून सातपाटीला आणि तिथून एस.टी.ने शाळेत. तिने वाकडी शिवण पाहिली, हसली आणि म्हणाली, "चालेल. मी तरी कुठं सरळ आहे?" तेवढ्यावरच मी तिची झाले.

तिला जायचं होतं आंध्रातल्या गंडीकोटला. तिथे पेन्नार नदीने तांबडा खडक कापून खोल घळ केली आहे आणि भोवती रखरखीत, ओसाड मुलूख. चंद्रकांता त्याला वाळवंटच म्हणायची. सात वर्षं तिने फळ्यावर अशा घळी काढल्या होत्या, पाहिली एकही नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेतल्या आणखी तिघी मैत्रिणी यायला तयार झाल्या होत्या.

घरात ती आणि तिचे वडील देवू तांडेल, दोघंच. आई लवकर गेलेली. देवूने तीस वर्षं तांडेल म्हणून बोट चालवली होती; आता गुडघे साथ देत नव्हते म्हणून ओटीवर बसून जाळी विणायचा. चंद्रकांता रोज संध्याकाळी नकाशा पसरून बसायची आणि तो कुरकुर करायचा. "जिथं पाणी नाय तिथं माणसानं आपनहून कशाला जायचं?"

पण तिने एकदा विचारलं, "बाबा, तू तांडेल होतास. घळीत तीन दिवस राहायचंय. माणशी पाणी किती धरू?" तेव्हा म्हातारा खुलला. जाळं बाजूला ठेवून त्याने बोटं मोजली. "बोटीवर आमी दिसाला सहा पेले द्यायचो. सहात माणूस तरतो." तिने कागदावर लिहून घेतलं. त्या संध्याकाळी मला त्या घरात फार बरं वाटलं.

चंद्रकांताने मला तीन दिवस पाण्यात भिजवलं आणि भरून ओटीवर टांगलं. मी पाझरू लागले. चंद्रकांता पाणी प्यायली आणि म्हणाली, "वा! माठ झक मारतो." मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. शेवटचंही तेच.

देवूचं मात्र लक्ष माझ्याखालच्या ओल्या जमिनीकडे होतं. तरुणपणी एकदा त्याच्या बोटीचं शीड फाटलं होतं, बोट पाच दिवस भरकटली होती आणि पाण्याचं पीप गळून रिकामं झालं होतं. त्यात त्याचा धाकटा भाऊ तहानेने गेला. हे तो कधी बोलायचा नाही. शेजारच्या सोमीने एकदा कुणाला तरी सांगितलं, ते मी ऐकलं.

निघायच्या आदल्या दिवशी चंद्रकांता तिकिटांसाठी पालघरला गेली. देवूने मला खाली काढलं, उन्हात वाळवलं आणि बोटीच्या फळ्यांना लावतात ते राळ घातलेलं मुशीचं तेल माझ्या अंगाला चोळलं. आत-बाहेर, शिवणीशिवणीत. जीव लावून चोळलं. "आता एक थेंब जायचा नाय," तो मला म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं, पण आम्हां वस्तूंना तोंड असतं ते फक्त पाणी ओतायला.

संध्याकाळी चंद्रकांता आली आणि तो वास येताच जागीच थांबली.

"बाबा, ह्ये काय केलंस?"

"गळत व्हती, पोरी."

"गळायलाच पायजे ती! त्यानंच पाणी गार होतं!" तिचा आवाज चढला. "तुला माहीत व्हतं. मी जाऊ नये म्हणून मुद्दाम केलंस."

देवूला चूक कळली होती. पण मुद्दाम केलं नाही हे कसं पटवायचं, ते त्याला कळेना. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी मुकी होते. सकाळी ती पाण्यासाठी शेजारून एक पत्र्याचा डबा मागून घेऊन निघाली. चहाही घेतला नाही. बापाकडे वळून पाहिलंही नाही.

त्या दहा दिवसांइतकं सुनं घर मी पुन्हा पाहिलं नाही. देवू जाळ्याला हात लावेना. पहिल्याच दिवशी त्याने मला भरलं, पितळी पेला शेजारी ठेवला आणि माझ्यातलं कोमट, वासाचं पाणी पिऊ लागला. मोजून पिऊ लागला.

दहाव्या दिवशी चंद्रकांता परतली ती उन्हाने काळवंडून. ओटीवर बाप आडवा पडलेला, ओठ फुटलेले. सोमी धावत आली. "तुजा बाप खुळा झालाय गं! हंडा भरलेला हाय, पन त्यातलं पीत नाय. त्या घाणेरड्या पिशवीतलंच पितो, तेबी सहा पेले."

"बाबा, का रे असं?"

देवू कसाबसा उठून बसला. "मीच तुला सहा सांगितलं ना. मागनं वाटलं, समुद्र येगळा, वाळवंट येगळं. माजं चुकलं आसंल तर? म्हनून उन्हात बसून पिऊन बघितलं." त्याने रिकामा पेला पुढे सरकवला. "सहा कमी पडतात, पोरी. आठ सांगायला पायजे व्हते."

चंद्रकांता त्याच्याजवळ बसली. तिने पेला घेतला, माझं बूच काढलं आणि ते पाणी भरून घेतलं. एकेक घोट करत, तोंड वाकडं न करता, तिने पेला रिकामा केला. मग बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी रडली.

आता देवू नाही. चंद्रकांता बदली होऊन वाणगावला गेली. मी बंद घरात खिळ्यावर आहे. मला फेकून द्यायचं तिच्या जिवावर येतं आणि जवळ ठेवायचंही. मित्रांनो, तुमच्या घरी छागल असेल तर तिला पाझरू द्या. आणि तुमच्या माणसाने तुमची एखादी वस्तू बिघडवली, तर खुशाल रागवा. पण चपला घालण्याआधी त्याच्यापाशी घटकाभर बसा आणि विचारा, का केलंस. माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस दहा दिवस त्या एका प्रश्नाची वाट पाहत तहानलेला राहिला होता.