दोषाचा रकाना

"काका, खोट नका सांगू. आवडली का, तेवढंच सांगा," शिवम तिसऱ्यांदा म्हणाला.

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. समोर सात छोटे ग्लास, पाण्याचा जग आणि बशीत पावाचे तुकडे. सकाळचे साडेअकरा. उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या नव्या बारमध्ये खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या आणि फरशी पुसणाऱ्यानं फिनाईल जरा जास्तच ओतलं होतं. तेही मी आल्याआल्या सांगून टाकलं होतं.

शिवम माझा पुतण्या. बारच्या मागच्या खोलीत त्याच्या टाक्या आहेत आणि सोनिया नावाची मुलगी तिथंच बिअर बनवते. थंडीसाठी तिनं सात प्रकार केले होते, पण मेनूच्या फळ्यावर जागा चारांनाच. ते चार निवडायला मला बोलावलं होतं, कारण वाळूजच्या बिअर कारखान्यात मी एकतीस वर्षं चव बघायचं काम केलं. "बद्रीनाथराव, तुमचं बरंय, पगार घेऊन पिता," असं आमच्या गारखेड्यातले लोक म्हणायचे. पगार पिण्याचा नव्हता, खोट काढण्याचा होता. ओल्या पुठ्ठ्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, लोण्याचा वास, प्रत्येकाला कागदावर एक रकाना. वास आला की खूण करायची. काहीच आलं नाही तर रकाने कोरे ठेवून सही करायची आणि माल पास. 'चांगली आहे' असं लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

या नाकापायी घरानंही पुष्कळ सोसलं. सकाळी कच्चा कांदा बंद, वासाचं तेल बंद. उदबत्ती मी कामावर गेल्यावर लागायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी मी फिरायला बाहेर पडेपर्यंत माझी बायको द्वारका उदबत्ती पेटवत नाही. माझ्या ताटात मीठ, लिंबू, तिखट आधीच वाढलेलं असतं. मी कशाला नावं ठेवीन याचा नेम नाही, म्हणून ही तिची तयारी.

"पहिली गव्हाची," मी म्हणालो. "संत्र्याची साल जास्त झाली. दुसऱ्या गुळाच्या बिअरला थोडा लोण्याचा वास आहे. चार दिवस अजून टाकीत ठेवायला पायजे होती. तिसरीत लवंग इतकी, की दाताच्या डॉक्टरकडं आल्यागत वाटतं."

सोनिया सगळं वहीत उतरवून घेत होती. चौथी झाली, पाचवी झाली. ती "हो सर" म्हणायची आणि खाली मान घालून लिहायची. तिचा चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता. मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो. उठलो, खिडकीपर्यंत जाऊन आलो. एवढी साधी गोष्ट विचारतायत आणि आपल्याला सांगता येऊ नये, याचा मला राग आला होता.

"सहावी राहू द्या सर," सोनिया म्हणाली. "ती मी काढूनच टाकणार आहे. त्यात बाजरी घातली होती, किचनमध्येच भाजली. फोन आला आणि भाजणं पुढं गेलं. करपट झालीये."

ग्लास काळाभोर होता. मी नाकाशी धरला. करपट होतीच, नवख्यालासुद्धा कळली असती. पेन हातात घेतलं आणि तिथंच थांबलो.

तो वास माझ्या घरातला होता. डिसेंबरात द्वारका येसर करायची. बाजरी, हरभरा, गहू लोखंडी कढईत भाजून, मसाला घालून जाडसर दळलं, की वर्षभर आमटीला पुरायचं. ती बाजरी मुद्दाम पुढं नेऊन भाजायची, पार काळी होईपर्यंत. मी एकदा जेवताना म्हणालो होतो, "करपट वास येतोय." एवढंच म्हणालो आणि आमटी दोनदा वाढून घेतली. पुढच्या वर्षीपासून ती शहागंजातून तयार पाकीट आणायला लागली. पाकिटातल्या येसरात काही खोट नव्हती. दुसरंही काही नव्हतं. मी मुकाट्यानं खात राहिलो.

एक घोट घेतला. मग ज्याची मला सवय नाही ते केलं, ग्लास संपवला.

"ही ठेवा," मी म्हणालो. "बाकी तीन तुम्ही निवडा. ही काढू नका."

"पण करपट..."

"करपट हाय म्हणूनच ठेवा. चांगली झालीय."

सोनियानं वहीतून मान वर केली. पोरीचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडं बघवेना. आता आठवलं, तिचा तो आधीचा चेहरा कुठं पाहिला होता. मान खाली घालून "बरं" म्हणणारा. घरी, रोज, ताटापलीकडं.

शिवम जेवायला थांबा म्हणत होता. मी थांबलो नाही. चव बघितल्यावर स्कूटर चालवायची नाही हा नोकरीतला नियम, म्हणून रिक्षा केली. प्रत्येक सिग्नलला रिक्षावाल्याच्या खांद्यावरून पुढं बघत होतो. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "चाचा, आराम से. घर कहीं नहीं जाता."

द्वारका दारातच थबकली. "लवकर आलात."

"अगं, येसर."

"हाय की डब्यात. परवाच आणलंय."

"ते नाय. तू करायचीस ते."

"ते तर करपट व्हायचं." ती सहज म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"करपट व्हायचं. पण लई चांगलं व्हायचं."

ती जवळ आली आणि तिनं वास घेतला. नाकाची नोकरी मी केली, तरी नाक तिलाही होतं. "किती झाले?"

"सहा ग्लास. पाच घोट घोट, एक पुरा."

"मग आता पडा जरा. सांगायचं ते उद्या सकाळी सांगा. चहाच्या आधी."

आयुष्यात पहिल्यांदा घरी काही चांगलं बोललो आणि ते दारूच्या खात्यावर गेलं. दुपारभर मला चैन पडेना. गच्चीवर गेलो, खाली आलो, टीव्ही लावला, बंद केला. सकाळी तोंडाला वास नसेल तेव्हा हे शब्द येतील का, याची खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. संध्याकाळी ताटात मीठ आणि लिंबू होतंच. मी हात लावला नाही. तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही.

सकाळी सहाला उठलो. थंडी कडाक्याची होती. द्वारका ओट्याशी उभी होती, गॅस पेटवलेला नव्हता. माझ्याकडं वळून म्हणाली, "हं. बोला."

मी तोंड उघडलं. "दूध नाय तापवलं अजून?"

ती दुधाकडं वळली.

"थांब," मी म्हणालो. "तू करायचीस ते येसर चांगलं असायचं. वास करपट यायचा हे खरं. पण त्यानंच आमटीला चव यायची. तीन हिवाळे ते खाल्लं नाय आणि मला कळलंपण नाय."

"तीन नाय, चार."

"चार."

तिनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. "आन् बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"बाकीचा सैपाक. इतक्या वर्षांचा."

किती भाकऱ्या, किती कालवणं. एकेका ताटाला काय उत्तर देणार? "मी काय बोललो नाय, म्हणजे चांगलंच असायचं," मी म्हणालो. "कामावर तसंच होतं आमचं."

"मला कुठं माहीत होतं," ती म्हणाली.

मग तिनं खालच्या कप्प्यातली कढई काढली, ओंजळभर बाजरी टाकली आणि गॅस पेटवला. चहा राहिलाच. दाणे तडतडायला लागले. वास आधी गोडसर आला, मग खमंग, मग पुढं सरकला. कारखान्यात असतो तर इथं रकान्यात खूण केली असती. द्वारकानं माझ्याकडं पाहिलं नाही. चारदा आणखी उलथणं फिरवलं.

मी देवघरात गेलो आणि उदबत्ती पेटवली. मोगऱ्याची होती. भाजल्या बाजरीत मोगरा मिसळून घरभर पसरला. दोन्ही वासांचं एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं.

"लई वास झाला व्हय?" तिनं आतून विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "असू दे."