कीडबाईंची सही

फळतपासणी कार्यालयात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘कीडबाई’. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. एकवीस वर्षं त्या फळांवरचे किडे बघत आल्या होत्या. सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं की डोळ्याभोवती गोल वळ उमटलेला असे आणि घरी पोचेपर्यंत तो जात नसे.

देश लहान. सफरचंदं सोडली तर बाहेर पाठवावं असं फारसं काही नव्हतं, आणि तीही सगळी मोठ्या शेजारी देशात जात. बंदर होतं, पण तिथे शीतगृह नव्हतं; म्हणून माल ट्रकने सरहद्दीपलीकडे जायचा, पिढ्यान्‌पिढ्या.

त्या वर्षी एका परिषदेत या लहान देशाने शेजाऱ्याच्या मनाविरुद्ध मत दिलं. पाचव्या दिवशी पत्र आलं की तुमच्या सफरचंदांत फळमाशी सापडली आहे, सबब आयात बंद. पत्र फिरत फिरत बाईंच्या टेबलावर आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. इथल्या थंडीत ही माशी एक हिवाळासुद्धा काढू शकत नव्हती. माशीचा नमुना पाठवा, निदान फोटो तरी पाठवा, असं त्यांनी रीतसर कळवलं. उत्तर आलं नाही. सरहद्दीवर ट्रक अकरा दिवस खोळंबले आणि शेवटी फळं खड्ड्यात ओतावी लागली. त्यात बाईंच्या धाकट्या दिरांच्या बागेचा अख्खा हंगाम गेला. शेजाऱ्याचे राजदूत मंत्र्यांना भेटायला आले, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले की मत बदललं तर माशीही जाईल.

मंत्र्यांनी मत बदललं नाही. पण बागवाल्यांचं धाबं दणाणलं होतं.

मग समुद्रापलीकडच्या एका देशाने मदत देऊ केली. बंदरावर शीतगृह, बाईंच्या प्रयोगशाळेला नवी यंत्रं, आणि सहा महिन्यांसाठी एक जाणकार माणूस. फळं बोटीने दूरच्या बाजारात जाऊ लागली की शेजाऱ्याने दार लावलं तरी गळा आवळला जाणार नाही, असा त्यामागचा हिशेब. आलेले गृहस्थ निवृत्त, उंच, कमी बोलणारे. कार्यालयाने त्यांचं नाव ‘पाहुणे’ ठेवलं. ते आणि बाई अशा भाषेत बोलत जी दोघांनाही अर्धीमुर्धीच येत होती, त्यामुळे बोलणं आपोआप मुद्द्याचं होई. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “यंत्रं आम्ही दिली. पण घेणारा विश्वास ठेवणार तो तुमच्या सहीवर.”

शीतगृह उभं राहिलं. पुढच्या हंगामात पहिल्या बोटीसाठी बारा बागांचा माल आला. प्रत्येक बागेच्या पेट्यांतून नमुना काढायचा, फळ न्‌ फळ उलटसुलट बघायचं. सहा बागा निर्मळ निघाल्या. सातव्या बागेच्या तीन फळांच्या देठाच्या खळगीत पांढरा कापूस दिसला. बाईंनी सुईने तो बाजूला केला. आत पिठ्या ढेकूण होता, जिवंत, पाय हलवत. बाईंनी पेटीवरची चिठ्ठी बघितली. बाग भाऊजींची होती.

एक जिवंत कीड सापडली तर त्या बागेचा सगळा माल थांबवायचा, हा नियम बाईंनीच पाहुण्यांबरोबर बसून लिहिला होता.

बातमी मंत्रालयात पोचली आणि दुपारी सचिव स्वतः आले. माणूस सज्जन, आवाज कधी चढत नसे. शुक्रवारी मंत्री बंदरावर येणार आहेत, शेजाऱ्याचे लोक टपून बसले आहेत, आपल्याच कागदावर कीड आहे असं लिहिलं तर त्यांच्या हातात आयतं कोलीत जाईल, असं त्यांनी शांतपणे समजावलं. तीन फळं काढून टाका आणि विषय संपवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “त्यांनी नसलेली माशी लिहिली. आपण असलेली कीड लपवली, तर मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?”

सचिव टोपी उचलून निघून गेले. होही म्हणाले नाहीत, नाहीही नाही.

बाईंनी पाहुण्यांकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, हे तरी पाठीशी उभे राहतील. पाहुणे चष्मा पुसत म्हणाले की माझ्या सरकारलाही शुक्रवारचे फोटो हवे आहेत, म्हणून यात मी तोंड घालणं बरं नाही. सही तुमची आहे. बाईंना क्षणभर राग आला. मग वाटलं, बरोबरच बोलले.

भाऊजी आले ते थेट प्रयोगशाळेत. पायाला बागेतला चिखल तसाच.

“वहिनी, गेला हंगाम खड्ड्यात गेला. हाही घालवणार तुम्ही?”

बाईंनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

“भाऊजी, एकदा इथून बघा.”

त्यांनी बघितलं. बघताना त्यांचा श्वास बाईंना ऐकू येत होता. मान वर करून ते म्हणाले, “माझ्या जागी परका असता तर?”

“तर मला रात्री झोप लागली असती,” बाई म्हणाल्या. “सही तीच केली असती.”

भाऊजी गेल्यावर त्यांनी सही केली.

अकरा बागांचा माल गेला. भाऊजींची फळं रसाच्या कारखान्यात पडेल त्या भावाने गेली. जाऊबाईंनी येणंजाणं सोडलं. बाईंचा नवरा दोन्ही घरांत सारखाच अवघडून बसे आणि हवापाण्याबद्दल बोले. शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापलीच. पण बोट पोचल्यावर तिकडच्या खरेदीदारांनी नाकारलेल्या मालाच्या कागदाची प्रत मागवून घेतली आणि महिन्याभराने कळवलं की या कार्यालयाच्या दाखल्यावर आम्ही पुढचा माल पुन्हा न उघडता घेऊ. सचिवांनी ते पत्र शिपायाबरोबर न पाठवता स्वतः आणून दिलं. सोबत शब्द एकच, “घ्या.”

त्याच सुमारास शेजाऱ्याने बंदी उठवली. माशी कुठे गेली ते त्यांनी कळवलं नाही. बरेच बागवाले पुन्हा तिकडे वळले. रस्ता जवळचा, जुनी ओळख, त्यांना तरी दोष कसा द्यायचा. काहींनी मात्र निम्मा माल बंदराकडे ठेवला. पाहुण्यांचे सहा महिने भरले आणि ते आपल्या देशी गेले. यंत्रांच्या चाव्या आता बाईंकडे होत्या.

हिवाळा सरता सरता एका सकाळी भाऊजींचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न विचारता त्यांनी विचारलं, खोडाची सुटी साल खरवडायची ती कळ्या फुटायच्या आधी की नंतर? आधी, बाई म्हणाल्या, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला चिकट पट्टी बांधा, मुंग्याच या किडीला पोसतात.

“तुम्हीच येऊन दाखवा ना, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “झाडं पुष्कळ आहेत.”

रविवारी बाई जुनी साडी नेसून, तारेचा ब्रश घेऊन गेल्या. जाऊबाईंनी दार उघडलं, ब्रशकडे बघितलं आणि आणखी एक आणायला आत गेल्या.